ठराव झाला, आता तक्ता करा



वार्षिक सभेत आपण दरसाल ठराव करतो, "येत्या हंगामात साखर उतारा वाढवायचा." सूचक उभे राहतात, अनुमोदन मिळते, टाळ्या पडतात आणि ठराव इतिवृत्ताच्या वहीत जाऊन बसतो. पुढल्या साली तोच ठराव, फक्त तारीख निराळी. यात कोणाची दानत खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण उतारा वाढवायचा म्हणजे उद्या सकाळी उठून कोणी काय करायचे, हे त्या ठरावात कुठेच नसते.

हा प्रश्न लहान नाही. उतारा दशांश एक टक्का वाढला तर टनामागे एक किलो साखर जादा मिळते. पाच लाख टन गाळपावर ती पाच हजार क्विंटल होते. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावरील प्रत्येक दशांश एक टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे आपल्याच पदरात.

पीटर ड्रकर यांनी १९५४ साली आपल्या पुस्तकात सांगितले, की संस्थेचे उद्दिष्ट प्रत्येक जबाबदार माणसाच्या स्वतःच्या उद्दिष्टात उतरले पाहिजे. पण एवढ्यासाठी अमेरिकेकडे बघायला नको. आपला तोडणी कार्यक्रम दुसरे काय आहे? लागणीची नोंद, तारखेप्रमाणे क्रम, क्रमाने चिठ्ठी. हेच उताऱ्याला लावायचे. एक तक्ता, चार रकाने : काम कोणते, कोणी करायचे, केव्हा, आणि झाले हे मोजायचे कसे.

उदाहरणार्थ, तुटलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, कारण वाळलेल्या उसातली साखर घटते. मग चिठ्ठीवर तोडीची वेळ लिहावी, काट्यावर वजनाची वेळ पडतेच. दोहोंतला फरक गटवार काढून दर सोमवारी गट ऑफिसच्या फळ्यावर लावावा. मिल बंद पडली तर तोड थांबवण्याचा निरोप मुकादमाला कोणी द्यायचा, त्याचे नाव तक्त्यात असावे. फळा टोळीवाल्यांना दटावण्यासाठी नाही. गाडी वेळेवर न पोचल्याचा दोष कोयतेवाल्याच्या माथी मारू नये. आणि पाचट, बांडी, माती मोळीत जाऊ न देणे, या कामापुढे नाव सभासदाचे, म्हणजे तुमचे-माझे.

आता आमची चूकही सांगतो. दोन हंगामांमागे मी ओळख लावून चिठ्ठी पुढे आणली. माझा ऊस अजून कच्चा होता, तरी गेला. ज्यांची पाळी होती त्या शेजारच्या आबांचा आडसाली ऊस तुरा येऊन फडातच उभा राहिला, आतून पोकळ झाला. वजनात आबा बुडाले आणि उताऱ्यात आपण सगळेच. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, तेच जास्त लागले. तक्ता कितीही चांगला असो, मधेच कोणी हात घातला की तो कागदच राहतो. म्हणून क्रम मोडला तर कोणाच्या सांगण्यावरून मोडला, हेही फळ्यावर लागावे. संचालकांना जे लागू, तेच मलाही.

उद्दिष्टे ढीगभर नकोत. तीनच घ्यावीत, पण दर आठवड्याला त्यांचा जाब विचारावा. हंगाम संपल्यावर अहवाल वाचून हळहळण्यात अर्थ नाही. तोवर ऊस गेलेला असतो.

संचालक मंडळाला विनंती, की येत्या सभेच्या ठरावाबरोबर हा चार रकान्यांचा तक्ताही छापून वाटावा. आणि सभासदांना विनंती, की घरी गेल्यावर त्यात आपले नाव कुठे आहे ते आधी बघावे.

— एक ऊस उत्पादक सभासद