कोटेशन वाचता आले पाहिजे

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या मोहल्ल्यातले पालक एकच प्रश्न घेऊन येतात : "सर, पोराला कॉम्प्युटर घ्यायचा आहे. वीस-पंचवीस हजारांत होईल ना?" विचारणारा रिक्षा चालवतो, शिलाईकाम करतो किंवा फळांची गाडी लावतो. हे पैसे वर्षभर साठवलेले असतात किंवा नुकत्याच लागलेल्या भिशीचे असतात. ते वाया गेले तर पुन्हा घेण्याची ऐपत नसते.

अशा वेळी कोणीतरी हमखास म्हण ऐकवतो : ‘महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार.’ मला ही म्हण पूर्ण पटत नाही. महाग वस्तू गळ्यात मारणाऱ्या दुकानदारालाही ती तोंडपाठ असते. माझे मत असे की स्वस्त वस्तू रडवत नाही, न समजता घेतलेली वस्तू रडवते. काटकसर करणाऱ्याने कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, एवढे शिकून घ्यावे.

सर्वात मोठी फसगत नावाने होते. ‘आय-७, १६ जीबी रॅम, रंगीत दिव्यांचा कॅबिनेट’ अशी जाहिरात आणि किंमत अगदी कमी. पालकांना वाटते, आय-७ म्हणजे आय-३ पेक्षा भारीच. पण पुढचा आकडा कोणी विचारत नाही. आय-७-२६०० हा दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर जानेवारी २०११ मध्ये आला. आय-३-१२१०० हा बाराव्या पिढीचा, २०२२ चा. दोघांतही चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत, पण नवा आय-३ जुन्या आय-७ ला सहज मागे टाकतो आणि वीजही कमी खातो. शिवाय विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून आय-३, आय-५ नंतर येणारा आकडा वाचा. ८५०० म्हणजे आठवी पिढी, १२१०० म्हणजे बारावी.

आकड्यानंतरचे अक्षरही वाचा. १२१०० आणि १२१००एफ यांत ‘एफ’वाला स्वस्त दिसतो, पण त्यात ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड घेतल्याशिवाय स्क्रीनवर चित्रच येणार नाही. अभ्यास, टायपिंग आणि थोडेफार कोडिंग करणाऱ्या मुलाला वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नसते. त्यामुळे ‘एफ’ टाळलेलाच बरा.

दुसरा मुद्दा बिलाचा. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, एकाच भागाचा भाव दुकानागणिक बदलतो. तिथे चार दुकाने फिरणे ही खरी बचत आहे. पण ‘बिल नको असेल तर कमी करतो’ ही बचत नव्हे. जीएसटी १८ टक्के आहे, म्हणजे ५,००० रुपयांच्या भागावर ९०० रुपये. ते वाचवले आणि सहा महिन्यांनी मदरबोर्ड बंद पडला, तर वॉरंटी मागणार कशाच्या आधारावर? बॉक्समधल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. बॉक्सशिवाय मिळणाऱ्या ‘ट्रे’ प्रोसेसरला ती ग्राहकाला थेट मिळत नाही, दुकानदार देईल तेवढीच. प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. दुकानदार नाराज झाला तरी चालेल.

तिसरा मुद्दा एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ मिळणाऱ्या डब्यावर ४५० वॉट छापलेले असते, पण छापील आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. जिथे वीज सारखी येते-जाते तिथे हा डबा बिघडला तर मदरबोर्डलाही घेऊन बुडतो. इथे चांगल्या कंपनीचा, ‘८० प्लस’ प्रमाणपत्राचा आणि नवाच डबा घ्या. पैसे कमी पडले तर दिव्यांचा कॅबिनेट सोडा.

वापरलेली वस्तू घेण्यात मात्र कमीपणा मानू नका. मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड जुने चालतात. प्रोसेसरही सहसा बिघडत नाही. जुनी हार्ड डिस्क आणि जुना एसएमपीएस टाळा. जुनी एसएसडी घ्यायचीच असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून ती किती तास वापरली गेली ते बघा. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले. अशा काळात सुटे भाग जोडण्यापेक्षा ऑफिसांतून निघालेला आठव्या पिढीचा आय-५ कॉम्प्युटर, बिल आणि लेखी वॉरंटीसह, पुष्कळदा परवडतो. त्यात एकच अडचण आहे : अशा अनेक मशीनचा एसएमपीएस वेगळ्या मापाचा असतो, बाजारातला साधा त्यात बसत नाही.

ऑनलाइन सेलमधल्या ‘६० टक्के सूट’ला भुलू नका. सुट्या भागांवर छापलेली एमआरपी बाजारभावापेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे सूट त्या आकड्यावरून मोजण्यात अर्थ नाही. खरी तुलना चार दुकानांच्या आजच्या भावाशी करा. क्रेडिट कार्डावरच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांतही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतो. आणि सर्वात मोठी सूट बहुधा क्रेडिट कार्डवाल्यांनाच असते. ज्याच्या हातात रोख आहे आणि कार्ड नाही, त्याला तीच वस्तू महाग पडते, हे मला खटकते.

शेवटी सॉफ्टवेअर. दुकानदार ‘विंडोज फ्री’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ती चोरीची प्रत असते. लिनक्स मिंट किंवा उबुंटू खरोखर मोफत आहे. त्यात उर्दू आणि मराठी दोन्ही कीबोर्ड मिळतात, उर्दू उजवीकडून डावीकडे नीट उमटते आणि लिब्रेऑफिसमध्ये अर्ज, निबंध, हिशेब सगळे होते. दोन भाषा लिहिणाऱ्या आमच्या मुलांना याहून जास्त काय हवे?

शाळेत आपण मुलांना नफा-तोटा शिकवतो, पण दुकानातला कागद वाचायला शिकवत नाही. आठवी-नववीच्या मुलांनी एखादे खरे कोटेशन फळ्यावर लिहून त्यातली एकेक ओळ तपासावी, असे मला वाटते. मुलाला आकडे समजले की बापाला दुकानात मान खाली घालावी लागत नाही. आणि ज्यांची खरेदी ठरली आहे त्यांना एकच विनंती : आगाऊ रक्कम देऊ नका, आधी भागवार कोटेशन लिहून घ्या आणि ते घेऊन या. आपण बसून वाचू.