डॉक्टरेट एकाची, कष्ट कोणाचे?

गेल्या महिन्यात आमच्या एका मित्राची मौखिक परीक्षा झाली आणि त्याच्या नावापुढे 'डॉ.' लागले. वस्तीतला पहिला पीएच.डी. त्याच संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला आणि रविवारी विहारात सत्कार ठेवला गेला. त्रिशरण-पंचशील झाले, शाल झाली, भाषणे झाली. मंचावर नगरसेवक होते, दोन प्राध्यापक होते, आम्हीही होतो. सगळ्या वक्त्यांनी फिरवून फिरवून एकच गोष्ट सांगितली, की जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही. त्याची लहान बहीण त्या वेळी मागच्या बाजूला मसालेभाताच्या पत्रावळी मांडत होती. तिचे नाव मंचावरून कोणीही घेतले नाही. आम्हीही घेतले नाही. त्या चुकीबद्दल हा लेख आहे.

मित्र आणि आम्ही एम.ए. समाजशास्त्राला एकाच वर्गात होतो. आम्ही पुढे समाजकार्यात पडलो, तो 'पेट' पास होऊन संशोधनाला लागला. विषय होता ऊसतोड कामगार कुटुंबांतील मुलींचे शिक्षण. नोंदणीपासून व्हायव्हापर्यंत सात वर्षे गेली. फेलोशिप मिळाली होती, पण ती महिन्याच्या महिन्याला कधी आलीच नाही. कधी उपस्थितीचे पत्रक अडले, कधी प्रगती अहवालावर सही नव्हती, कधी 'वरून निधीच आला नाही' असे सांगून बोळवण झाली. एकदा तर सलग अकरा महिने खात्यात एक रुपया जमा झाला नाही. मार्गदर्शकांच्या घरची कामे करून सही मिळवणारे संशोधकही आम्ही पाहिले आहेत. त्यावर पुन्हा कधीतरी लिहू.

त्या अकरा महिन्यांत तो जगला कसा? आईने लोकांच्या रानात कापूस वेचला, सोयाबीन काढले. एका मित्राने विद्यापीठाजवळच्या आपल्या खोलीत त्याला ठेवून घेतले आणि भाडे मागितले नाही. आम्ही मानधनातून जमेल तसे देत गेलो. आणि बहिणीने एम.ए.चे पहिले वर्ष अर्धवट सोडून तालुक्याच्या कापड दुकानात सहा हजारांवर नोकरी धरली. तेव्हा कोणालाही ते वावगे वाटले नाही. 'दादाचं एकदा होऊ दे, मग हिचं बघू,' असे घरात ठरले आणि आम्ही माना डोलावल्या. समाजशास्त्राची पदवी घेतलेली माणसे आम्ही!

पण पैशाचा भाग एकवेळ सोडून देऊ. मित्र मुलाखतींसाठी ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर जायचा. मुकादमाशी बोलणे व्हायचे, उचल किती, कोयते किती हे सगळे कळायचे. बाया मात्र त्याच्याशी बोलायच्या नाहीत. मुलीला शाळेतून का काढले, लग्न कोणत्या वयात लावून दिले, हे परक्या पुरुषाला कोण सांगणार? मग सुट्टीच्या दिवशी बहीण त्याच्यासोबत जाऊ लागली. ती चुलीपाशी बसायची, लेकरू मांडीवर घ्यायची, वाढं बांधू लागायची आणि बोलता बोलता अनुसूची भरून घ्यायची. बायकांच्या जवळजवळ सगळ्या मुलाखती तिने घेतल्या आहेत. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाचे परीक्षकांनी विशेष कौतुक केले. ते प्रकरण ज्या माहितीवर उभे आहे, ती माहिती तिने आणलेली आहे.

शेवटी प्रबंध सादर करायच्या आठवड्यात श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना सगळी जोडाक्षरे फुटली. आमच्या डीटीपीवाल्या मित्राने दोन रात्री दुकान उघडे ठेवले. शेजारी बसून पान न् पान वाचून 'र्‍या' आणि 'क्ष' दुरुस्त करणारी हीच होती. सकाळी आंघोळ करून ती पुन्हा दुकानात कामाला जायची.

आणि ऋणनिर्देशात काय छापले? मार्गदर्शकांसाठी एक परिच्छेद. विभागप्रमुखांसाठी अर्धा. ग्रंथपाल, कार्यालयीन कर्मचारी, आम्ही मित्र, सगळ्यांची नावानिशी नोंद. घरच्यांसाठी एकच वाक्य: आई-वडिलांचे आशीर्वाद आणि बहिणीची मोलाची साथ. बहिणीचे नावसुद्धा नाही. हा मजकूर छापायला जाण्यापूर्वी आम्हीच तपासून दिला होता. आमचे नाव बरोबर छापले आहे ना, एवढे मात्र आम्ही नीट पाहिले.

आपल्याकडे शिक्षणाचा विषय निघाला की बाबासाहेबांचे नाव घेतले जाते, ते योग्यच आहे. पण ते घेताना आपण 'अठरा तास अभ्यास' एवढेच सांगतो आणि त्या अभ्यासामागचा हिशेब सांगत नाही. सुभेदार रामजींकडे पुस्तकाला पैसे नसत, तेव्हा ते आपल्या विवाहित लेकींकडे जात. मंजुळा आणि तुळसा या बहिणी अंगावरचा दागिना काढून देत, तो गहाण पडे, पुस्तक घरी येई आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत दिला जाई. जयंतीच्या किती भाषणांत आपण हे ऐकले आहे? न्यूयॉर्कमध्ये भेटलेला पारशी मित्र नवल भथेना पुढे लंडनच्या शिक्षणासाठी पाच हजार रुपये उसने देतो, राजर्षी शाहू महाराज मदत करतात. आणि इकडे मुंबईत माता रमाई पोटची लेकरे गमावत घर चालवत असतात. पत्नीने शेणाची पाटीही डोक्यावर वाहिली, हे खुद्द बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत'मध्ये लिहून ठेवले आहे.

बाबासाहेबांनी हा हिशेब लपवला नाही. कोलंबियाचा प्रबंध १९१६ मध्ये लिहून झाला, ग्रंथरूपाने तो १९२५ मध्ये आला आणि पदवी रीतसर १९२७ मध्ये मिळाली. तो ग्रंथ त्यांनी शिष्यवृत्ती देणाऱ्या सयाजीराव महाराजांना अर्पण केला. लंडनच्या डी.एस्सी.चा ग्रंथ आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. रमाई १९३५ मध्ये गेल्या. १९४० च्या पाकिस्तानवरील ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेवर 'रामू' हे त्यांचे घरचे नाव आहे, आणि नुसते नाव नाही, तर त्यांनी काय सोसले याचीही नोंद आहे. 'मोलाची साथ' असे गुळमुळीत काही तिथे नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती जास्त महत्त्वाची. कुटुंबाच्या त्यागाचे गोडवे गाता गाता आपण सरकारला मोकळे सोडतो. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याशी लेखी करार करून गेले होते. महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती होती. १९१७ मध्ये मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. तेव्हा रमाई होत्याच ना? मित्र होतेच ना? तरीही अभ्यास थांबला. चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा विद्यापीठाने दिली होती म्हणून वाट उरली. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून, पैसा साठवून, कर्ज काढून ते १९२० मध्ये पुन्हा गेले. अशा बुद्धीच्या माणसाचीही तीन वर्षे शिष्यवृत्ती संपल्यामुळे गेली. घरच्यांचे प्रेम कितीही असले तरी ते शिष्यवृत्तीची जागा घेऊ शकत नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

आजही चित्र फारसे वेगळे नाही. बार्टीच्या संशोधकांना फेलोशिपसाठी आझाद मैदानावर उन्हातान्हात बसावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी फेलोशिपच्या चर्चेत, पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल केला. रोहित वेमुलाची फेलोशिप कित्येक महिने थकली होती, हे १७ जानेवारी २०१६ नंतर सगळ्या देशाला कळले. तेव्हा तरी फेलोशिप वेळेवर देण्याची व्यवस्था लागायला हवी होती. लागली नाही. ती फेलोशिप जेव्हा अकरा महिने येत नाही, तेव्हा सरकारचे ते पैसे प्रत्यक्षात कोण भरते? कापूस वेचणारी आई आणि एम.ए. सोडलेली बहीण. सरकारचे देणे आमच्या घरातल्या बायका फेडतात, आणि आपण त्याला 'कुटुंबाचा पाठिंबा' म्हणून टाळ्या वाजवतो.

चळवळीतले काही मित्र म्हणतात, कशाला पाहिजे ती पीएच.डी.? तासिका तत्त्वावर राबायचे, आणि कायम जागा निघाली तर संस्थाचालक किती मागतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांचा राग खोटा नाही. पण ऊसतोड टोळीतल्या मुलीचे आयुष्य ज्ञान म्हणून कोणी मांडायचे? ती कोपी ज्यांनी फक्त गाडीच्या काचेतून पाहिली त्यांनी? आमच्या मित्राच्या प्रबंधात जे आहे ते इतरांना सापडलेच नसते, कारण त्यांच्याशी त्या बाया बोलल्या नसत्या. म्हणून पीएच.डी. हवीच. फक्त ती कोणाच्या शिक्षणावर पाय ठेवून होते आहे, हे विचारायला हवे.

यूजीसीचा नियम महिला संशोधकांना दोन वर्षे जादा देतो. बाईला घर सांभाळून शिकावे लागते, हे एवढे तरी नियम करणाऱ्यांना कळले. आपल्या घरांना अजून कळलेले नाही. वहिनीच्या पीएच.डी.साठी स्वतःचे शिक्षण सोडलेला दीर आम्ही अद्याप पाहिला नाही. कोणाच्या पाहण्यात असेल तर जरूर कळवा, त्याचा सत्कार आम्ही करू.

सत्कारानंतर आठ दिवसांनी आम्ही मित्राच्या घरी बसलो होतो. बहीण दुकानातून आली, चहा ठेवला आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "दादा, माझ्या एम.ए.चा फॉर्म या वर्षी तरी भरायचा का, की आता दादाच्या लग्नाचं आधी?" मित्र गप्प. आम्हीही गप्प. आई म्हणाल्या, "भर की बाई, तुला कोण नको म्हणतंय?" त्यावर ती हसली. 'नको' असे खरोखरच कोणी म्हटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जणांनी पैसे काढले आणि प्रवेश घेतला. ती नोकरी सोडणार नाही म्हणते; सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान. मालकाने अजून होकार दिलेला नाही.

मित्राशी मात्र आमचा वाद झाला आणि तो मिटलेला नाही. प्रबंधाचे पुस्तक करायचे आहे. आमचे म्हणणे असे, की मुखपृष्ठावर दोघांची नावे हवीत. तो म्हणतो, प्रस्तावनेत सविस्तर लिहितो, पण प्रबंध विद्यापीठाने माझ्या नावाने स्वीकारला आहे, लेखन माझे आहे, उद्या मुलाखतीत कोणी शंका काढली तर? हातात नोकरी नसलेल्या माणसाची ही भीती आम्हाला कळते. तरीही चौथे प्रकरण तिचे आहे, निदान त्या प्रकरणावर तिचे नाव हवे, यावर आम्ही ठाम आहोत.

येत्या रविवारी पुन्हा बसायचे ठरले आहे. आतापर्यंतच्या चर्चा ती चहा करत असताना झाल्या. या वेळी चहा आम्ही करणार आहोत आणि ती बैठकीत बसणार आहे. तिचे म्हणणे काय आहे, हे आम्ही अजून तिला विचारलेलेच नाही.

जय भीम.