पेटी हाती येते, किल्ली येत नाही

प्रवासाला निघण्यापूर्वी एखादा चित्रपट संगणकावर उतरवून घ्यावा, या हेतूने अनेक घरांत ब्राउझरला ‘व्हिडिओ डाउनलोडर’ जोडला जातो. साध्या संकेतस्थळावरील ध्वनिचित्रफीत तो क्षणात उतरवून देतो; परंतु नेटफ्लिक्स किंवा प्राइम व्हिडिओवरील चित्रपटापुढे त्याचे काही चालत नाही. कधी तो मौन धरतो, तर कधी उघडतच नाही अशी फाइल हाती ठेवतो. रीतसर वर्गणी भरलेली असताना असे का व्हावे, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

डाउनलोडरचे काम मुळात सरळ असते. ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील देवघेवीवर लक्ष ठेवून चित्रफितीचा पत्ता मिळवायचा आणि तिची प्रत करायची. चित्रपट आता एकसंध येत नाही. काही सेकंदांच्या शेकडो तुकड्यांत येतो. ते तुकडे गोळा करून जोडणेही डाउनलोडरला जमते. अडचण पुढे आहे. संरक्षित चित्रपटाचा प्रत्येक तुकडा कूटबद्ध, म्हणजे कुलूपबंद असतो.

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात. एक ग्राहकाची, दुसरी बँकेची. आणि बँकेची किल्ली अधिकारी स्वतः लावतो, ग्राहकाच्या हाती देत नाही. येथेही तसेच घडते. वर्गणी ही ग्राहकाची किल्ली. दुसरी किल्ली ब्राउझरमधील एका बंदिस्त विभागाकडे जाते. गुगलचा वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टचा प्लेरेडी आणि ॲपलचा फेअरप्ले ही अशा व्यवस्थांची नावे. चित्रपट सुरू करताच हा विभाग कंपनीच्या सर्व्हरकडे परवाना मागतो. वर्गणीची खातरजमा झाल्यावर किल्ली अशा रूपात येते, की ती केवळ त्यालाच वापरता यावी. कुलूप तेथेच उघडते आणि चित्र पडद्याकडे जाते. डाउनलोडरला त्या विभागात प्रवेश नसतो. त्याच्या हाती पेट्या लागतात, किल्ली लागत नाही. अनेक उपकरणांवर पडद्याचे चित्रण करू गेल्यास काळी चौकट उमटते, तीही याच संरक्षणामुळे.

ब्राउझरमधील या पद्धतीला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने 18 सप्टेंबर 2017 रोजी प्रमाणित मान्यता दिली. ग्राहकाच्या रास्त वापरावरही यामुळे बंधन येते, असा आक्षेप घेत इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने त्याच दिवशी त्या संस्थेचे सदस्यत्व सोडले. आक्षेपात तथ्य असेलही. तथापि भारतातील कायदा स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा, 1957 मध्ये 2012 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 65अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो.

खरी सावधगिरी मात्र निराळ्याच ठिकाणी हवी. ‘कोणताही चित्रपट उतरवून देऊ’ अशी ग्वाही देणारे डाउनलोडर बहुधा सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची परवानगी मागतात. त्याच ब्राउझरवर घरातील नेटबँकिंग चालते, मुदत ठेवींचे व्यवहार होतात. जे काम होणारच नाही, त्यासाठी अपरिचित हाती घराची तिजोरी दाखवणे कितपत शहाणपणाचे?

मार्ग सोपा आहे. बहुतेक सेवांच्या मोबाइल ॲपमध्ये डाउनलोडची सोय असते. तेथेही फाइल कुलूपबंदच राहते आणि तिच्या परवान्याला मुदत असते. वर्गणी संपली, की ती उघडत नाही. वर्गणीने पाहण्याचा हक्क मिळतो, मालकी मिळत नाही, हे एकदा ध्यानी घेतले म्हणजे चिडचिड उरत नाही. प्रवासाच्या आदल्या रात्री ॲपमधून चित्रपट उतरवावा, त्याची मुदत पाहून ठेवावी आणि ब्राउझरला जोडलेला तो अनोळखी डाउनलोडर त्याच बैठकीत काढून टाकावा.