गोळी सोडू नका, ताट बदला

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या की महिना-दोन महिन्यांत पुष्कळांचा चेहरा गोल होतो, गाल वर येतात, पोट सुटते आणि मानेमागे चरबीचा उंचवटा दिसू लागतो. रोग मात्र हटत असतो. दमा कमी झालेला असतो, सांधे मोकळे झालेले असतात, पायांवरची सूज उतरलेली असते. पण बाजारात भेटणारी माणसे रोगाबद्दल विचारीत नाहीत, "अगं, किती फुगलीस!" एवढेच म्हणतात. मग गोळ्यांची पाकिटे फडताळात जाऊन बसतात. वाचकहो, आमच्या मते हा सौदा फार तोट्याचा आहे. वाढणारे वजन ताटातून बरेचसे आवरता येते. एकदम सोडलेल्या गोळीचे नुकसान मात्र कधी कधी जिवावर बेतते.

असे का, ते आधी समजून घ्यावे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात सोडतात. आजारपण, अपघात, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी शरीर टिकून राहते ते याच रसाच्या बळावर. निरोगी माणसाच्या ग्रंथी दिवसभरात जेवढा रस करतात, तो सुमारे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचा असतो. बाहेरून रोज २० किंवा ४० मिलिग्रॅम येऊ लागले, की ग्रंथी आपले काम थांबवतात. तीन आठवड्यांहून अधिक काळ असे चालल्यावर गोळी एकाएकी बंद केली, तर बाहेरचा पुरवठा तुटतो आणि घरचा सुरू झालेला नसतो. अशक्तपणा येतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि त्यातच ताप किंवा जुलाब झाले तर माणूस दगावू शकतो. म्हणून डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. ती आपल्या मनाने उतरवावयाची नसते.

हे औषध काही नवे नाही. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइकश्टाइन या तिघांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. गोल चेहरा, सूज आणि वजन हे दुष्परिणामही त्याच सुमारास ध्यानात आले होते. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ डॉक्टरांना ही गोष्ट ठाऊक आहे. असे असूनही रोगी दवाखान्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या कागदावर आहाराविषयी बहुधा एकच शब्द असतो, 'डाएट'. तोही इंग्रजीत! आमच्या बेळगाव-खानापूर भागात मराठी किंवा कानडी वाचणाऱ्या बाईने त्या एका शब्दावर स्वयंपाक तरी कसा करावा?

वजन वाढते ते एका कारणाने नव्हे. पहिले कारण पाणी. ही औषधे शरीरात मीठ धरून ठेवतात आणि मिठाबरोबर पाणी थांबते. दुसरे कारण भूक. ही भूक खोटी नसते आणि तो हावरेपणाही नव्हे. औषध मेंदूतील भुकेचे केंद्रच चेतवते, म्हणून रोग्याला जेवताना हिणवू नये. तिसरी गोष्ट अशी, की चरबी आपली जागा बदलते. ती चेहरा, मान आणि पोट यांवर येऊन बसते आणि दंड-मांड्यांचे स्नायू मात्र झिजतात. म्हणून काट्यावर वजन वाढलेले असूनही खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो. हे चित्र नीट पाहिले, तर नुसते 'कमी खा' हा सल्ला किती अपुरा आहे ते कळेल. पोटभर खावयाचे, पण मीठ कमी, पीठ बेताचे आणि डाळ-कडधान्य, अंडे, मासळी जास्त, असे हे गणित आहे.

आता आपल्याकडे आजाऱ्याला काय वाढतात ते पाहू. तांदळाची पेज, तिच्यात चिमूटभर जास्तच मीठ, तोंडाला चव यावी म्हणून लोणच्याची फोड, भाजलेला पापड, कोणाकडे सुक्या बांगड्याचा तुकडा. तापाच्या रोग्याला दोन दिवस हे ठीक. स्टेरॉइड घेणाऱ्याला मात्र हे ताट नेमके उलटे पडते. त्यात मीठ भरपूर आणि सगळे पीठमय. पेज तासाभरात उतरते आणि भूक पुन्हा उभी राहते, आणि झिजणाऱ्या स्नायूंना लागणारी प्रथिने तर तिच्यात नाहीतच म्हणा. भेटावयास येणारे लोक टोस्ट, खारी, ग्लुकोजची बिस्किटे आणतात. बेळगावहून येणारा कुंदा आणतो. प्रेम खरे, पण उशाशी असा खाऊचा डबा आणि पोटात औषधाने पेटवलेली भूक, मग दोष कोणाला द्यावा?

मिठापासून आरंभ करावा, कारण फरक तेथे सर्वांत लवकर दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, तोही सपाट. त्यात आमटी, भाजी, भाकरी, चटणी सगळे आले. आपल्या घरांत याहून बरेच जास्त जाते. लोणचे, पापड, सांडगे, खारवलेली मिरची, सुकी मासळी, फरसाण आणि बेकरीचे खारे पदार्थ एवढे ताटाबाहेर काढले, तरी अर्धी लढाई झाली. भातात आणि भाकरीच्या पिठात मीठ घालू नये. त्याने कोणाचे अडत नाही. चव लिंबू, कोकम, आले, लसूण, कोथिंबीर, मिरी यांनी आणावी. ताज्या मासळीला हळद, मिरची आणि कोकम पुरते. सैंधव चालते असा पुष्कळांचा समज आहे, पण सैंधव हेही मीठच. आणि 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून जे मिळते त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाच्या रोग्याने ते डॉक्टरांना विचारल्यावाचून वापरू नये.

भुकेचे काय करावे? तिच्याशी उपाशी राहून भांडू नये. काही जण सकाळची न्याहारी सोडतात आणि गोळी रिकाम्या पोटी घेतात. त्याने पोटात जळजळ होते आणि दुपारी दुप्पट जेवण जाते. दिवसातून एकदाच घ्यावयाची गोळी बहुधा सकाळी न्याहारीनंतर देतात, कारण शरीराचा स्वतःचा रसही सकाळीच जास्त असतो. रात्री घेतली तर झोप उडते, आणि जागा माणूस रात्री स्वयंपाकघरात डबे उघडतो. उपवासकाळात देखील आजाऱ्यावर उपवासाचे बंधन नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असून मन मानत नाही. ते मानावे.

ताटाची मांडणी आमच्या मते अशी असावी. आधी काकडी, मुळा किंवा गाजर यांची वाटीभर कोशिंबीर, मग दोन वाट्या भाजी, मग घट्ट वरण किंवा उसळ आणि शेवटी भाकरी. भाकरी दोन होत्या तर एक, भात मूठभर. भाकरी वाईट असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण हिशेब पाहा. एका मध्यम भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे सव्वादोनशे कॅलरी सहज झाल्या. औषधाच्या भुकेने रोज दोन भाकऱ्या जास्त गेल्या, तर महिन्याला साडेतेरा हजार कॅलरी होतात, आणि कागदावरच्या हिशेबाने ती दीड किलोहून अधिक चरबी झाली. मधल्या वेळी उकडलेली मटकी किंवा हरभरे, बिनमिठाचे ताक, पेरू, उकडलेले अंडे द्यावे. तळलेले नको. आमटीवर तेलाचा तवंग दिसलाच पाहिजे असे जेथे मानतात, तेथे तो अर्धा करावा, कारण तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी आणि पिठाच्या एका ग्रॅमला सुमारे साडेतीन.

गोडाबद्दल थोडे कडक बोलावे लागेल. स्टेरॉइडने रक्तातली साखर चढते, आणि ज्याला पूर्वी मधुमेह नव्हता त्यालाही तो होऊ शकतो. आमचा भाग उसाचा. घरचा गूळ म्हणजे औषधच, अशी श्रद्धा आहे. गूळ, मध आणि साखर यांत या बाबतीत फार अंतर नाही. त्यात आणखी एक मेख आहे. सकाळी घेतलेल्या गोळीने साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते, उपाशीपोटीची मात्र चांगली निघू शकते. म्हणून केवळ सकाळच्या तपासणीवर समाधान मानू नये. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनीही तपासून घ्यावी का, हे डॉक्टरांना आपणहून विचारावे. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत जिवावरच्या दुखण्यात स्टेरॉइडने पुष्कळांना वाचविले. त्याच वेळी ज्यांची साखर बेसुमार चढली त्यांतील अनेकांना काळ्या बुरशीने गाठले. तो धडा एवढ्यात विसरून चालणार नाही.

हे औषध हाडांतले कॅल्शियमही काढून नेते. म्हणून वजनाच्या भीतीने दूध तोडणे ही दुहेरी चूक होय. साय काढलेले दूध, दही, ताक घ्यावे. आणि येथे शेतकरी घरांविषयी एक गोष्ट खटकते ती लिहितो. गोठ्यात दोन म्हशी असतात, सकाळी सगळे दूध डेअरीला जाते आणि घरातल्या आजाऱ्याला कपभर साखरेच्या चहात चमचाभर दूध मिळते. अर्धा लिटर मागे ठेवल्याने संसार बुडत नाही. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणून तांदळाच्या पेजेऐवजी नाचणीची पातळ आंबील ताक घालून आणि मिठाशिवाय द्यावी. शेवग्याचा पाला परसात फुकट असतो आणि त्यातही कॅल्शियम चांगले. न्हाणीघराच्या सांडपाण्यावर दुधी, दोडका, पडवळ यांचे वेल चढवले आणि वाफ्यात मुळा, मेथी, शेपू टाकली, तर दोन वाट्या भाजीचा प्रश्न सुटतो. दोन-चार कोंबड्या असल्या तर अंड्यांचाही. पालेभाजीत मीठ नेहमीच्या निम्मे घालावे, कारण ती शिजून आळते आणि थोडेच मीठ पुष्कळ लागते.

मात्र हे सगळे एकट्या रोग्याच्या गळ्यात बांधू नये. घरात सासूबाईंसाठी वेगळे अळणी पातेले आणि बाकीच्यांसाठी चमचमीत, असे आठ दिवसांपलीकडे कोठेच टिकत नाही. शिवाय अळणी पातेले मांडणारी सून कंटाळते आणि खाणारी सासू रुसते. सगळ्या घरानेच मीठ-तेल कमी करावे. ज्याला हवे त्याने ताटात वरून घ्यावे. रक्तदाबाचा रोगी तर आज जवळजवळ प्रत्येक घरात आहेच. नाताळात एक नेवरी आणि सोरपोतेलाचे दोन तुकडे खाल्ल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते डबा जानेवारीअखेर चालू राहिल्याने.

आठवड्यातून एकदा वजन करावे, त्याच काट्यावर, सकाळी, तशाच कपड्यांत. पिठाच्या गिरणीतला काटाही चालेल. तीन-चार दिवसांत दोन किलो वाढले तर ते बहुधा पाणी असते. त्याबरोबर पाय सुजले किंवा दम लागला, तर थांबू नये, डॉक्टरांकडे जावे. हळूहळू वाढत असेल तर ताटाकडे पाहावे. झेपेल तेवढे रोज चालावे आणि खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव करावा. स्नायूंना त्याचा उपयोग होतो.

दोन गोष्टी जाता जाता. दम्याचा पंप म्हणजे गोळी नव्हे. पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीची मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या मापात. वजनाच्या भीतीने पंप सोडणाऱ्यांची आम्हाला चिंता वाटते. आणि दुसरी गोष्ट उलट टोकाची. गुडघेदुखीवर आठवडी बाजारात 'शुद्ध जडीबुटी' म्हणून ज्या पुड्या मिळतात, त्यांतील काहींमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असते. पुडीने चार दिवसांत जादू झाली आणि महिन्यात चेहरा गोल झाला, तर तेथे शंका घ्यावी. ती पुडीदेखील एकदम न टाकता घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि किती दिवस घेतली ते खरे सांगावे.

डॉक्टरांकडे आमची मागणी लहान आहे. दवाखाना सोडताना गोळीच्या कागदावर रोग्याच्या भाषेत चार ओळी लिहून द्याव्यात: मीठ किती, जेवण कसे, साखर केव्हा तपासावयाची आणि गोळी मनाने बंद करावयाची नाही. लिहावयास पाच मिनिटे लागतील. रोग्यानेही तो कागद खिशात ठेवावा. अपघात झाला किंवा दुसऱ्या दवाखान्यात न्यावे लागले, तर आपण स्टेरॉइड घेतो हे तेथल्या डॉक्टरांना सर्वांत आधी कळले पाहिजे.

मात्रा उतरू लागली की भूक आपोआप ओसरते. चेहऱ्याची गोलाई जावयास काही महिने लागतात, पण ती बहुतेकांची जाते. पोटावरची चरबी मात्र औषध बंद झाल्यावर आपण होऊन जात नाही, कारण तोपर्यंत तिसऱ्या भाकरीची सवय होऊन गेलेली असते. म्हणून ताट पहिल्या गोळीच्या दिवशीच बदलावे, चेहरा गोल होण्याची वाट पाहू नये.