संघातून बाहेर पडण्याची रीत

संस्था स्थापन करण्यासाठी लागणाऱ्या नियमांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. तिच्यातून एखादा घटक बाहेर पडू लागला, की मात्र कागद अपुरे पडतात. सहकारी संस्था आणि सार्वजनिक न्यास यांची प्रकरणे हाताळताना मी पाहत आलो आहे, की भांडण तत्त्वावरून सुरू होते आणि इमारतीच्या मालकीपाशी येऊन अडते. म्हणूनच अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा संघ आणि त्याच्या दोन मंडळ्या यांची ताटातूट मला अभ्यसनीय वाटते.

बॅप्टिस्ट परंपरेत स्थानिक मंडळी स्वायत्त असते. आपला पाळक ती स्वतः निवडते आणि प्रार्थनामंदिर सामान्यतः तिच्याच मालकीचे असते. १८४५ साली स्थापन झालेला हा संघ म्हणजे अशा मंडळ्यांचे स्वेच्छेचे सहकार्य होय. २००० साली संघाने आपल्या श्रद्धानिवेदनात पाळकपद पुरुषांपुरते मर्यादित केले. कॅलिफोर्नियात रिक वॉरन यांनी १९८० मध्ये स्थापन केलेल्या सॅडलबॅक मंडळीने २०२१ मध्ये तीन स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली. केंटकी राज्यातील लुईव्हिलच्या फर्न क्रीक मंडळीची धुरा तर १९९३ पासून एका स्त्री-पाळकाकडे होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये कार्यकारी समितीने या मंडळ्यांना संघाबाहेर ठरवले. जूनमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या वार्षिक सभेत दोघींनी अपील केले. सॅडलबॅकचे अपील १,२१२ विरुद्ध ९,४३७ मतांनी आणि फर्न क्रीकचे ८०६ विरुद्ध ९,७०० मतांनी फेटाळले गेले.

या कार्यपद्धतीत घेण्यासारखे पुष्कळ आहे. दोघींना बाजू मांडण्याची संधी मिळाली, मतपत्रिकेने निर्णय झाला आणि कोणाच्याही वास्तूला हात लागला नाही. निकालानंतरच्या रविवारी दोन्ही मंडळ्या आपापल्याच छताखाली उपासना करू शकत होत्या. मेथडिस्टांचे तसे नाही. युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये स्थानिक मंदिर संपूर्ण पंथाच्या विश्वस्तपणात असते. २०१९ च्या विशेष तरतुदीनुसार बाहेर पडण्यासाठी मंडळीत दोनतृतीयांश मते लागत आणि वर्गणी व निवृत्तिवेतनाची देणी चुकती करावी लागत. २०२३ अखेर ती मुदत संपेपर्यंत सुमारे ७,६०० मंडळ्या त्या मार्गाने बाहेर पडल्या.

मराठी भाषेशी जवळचे नाते असलेले एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे विल्यम केरी हे बॅप्टिस्ट मिशनरी. त्यांची सेरामपूरची शाखा १८२७ मध्ये इंग्लंडमधील मातृसंस्थेपासून विभक्त झाली. वादाच्या मुळाशी मालमत्तेवर नियंत्रण कोणाचे, हाच प्रश्न होता. १८३७ मध्ये समेट झाला, तेव्हा केरींच्या निधनाला तीन वर्षे लोटली होती.

तथापि न्यू ऑर्लिन्सचा निर्णय मला न्याय्य वाटत नाही. आपल्यासोबत कोण असावे हे ठरवण्याचा संघाचा अधिकार मी नाकारत नाही. माझा आक्षेप तो ज्या रीतीने वापरला गेला तिला आहे. फर्न क्रीकची नेमणूक नियमाच्या सात वर्षे आधीची होती आणि नियमानंतरही तेवीस वर्षे संघाने ती चालू दिली. दीर्घकाळ चालू दिलेली गोष्ट एकाएकी अपात्रतेचे कारण ठरवू नये, हे प्रशासनातील साधे तत्त्व आहे. शिवाय संघाची घटना मंडळीकडून श्रद्धानिवेदनाशी 'निकटचे' साम्य मागते. ते किती निकट असावे, हे ती सांगत नाही. २०२४ मध्ये स्त्री-पाळकांवरील बंदी थेट घटनेत घालण्याचा प्रस्ताव आला. त्याला सुमारे ६१ टक्के मते मिळाली आणि आवश्यक दोनतृतीयांशाअभावी तो बारगळला. ज्या नियमाला घटनेत जागा मिळू शकली नाही, त्याच्याच बळावर आदल्या वर्षी दोन मंडळ्या बाहेर गेल्या होत्या!

स्वायत्तता म्हणजे केवळ स्वतःचे छत नव्हे. आपला सेवक आपण निवडावा आणि तरीही बंधुभावात राहता यावे, हा तिचा गाभा आहे. या संघाने छत राखले, गाभा मात्र गमावला. परगावी महाराष्ट्र मंडळे आणि त्यांचे महासंघ चालवणाऱ्या आपल्या बांधवांनी याचा विचार करावा. आपल्या घटनेत बाहेर पडण्याचे कलम आहे का, हे जरूर तपासावे. आणि मतभेद असूनही सोबत राहण्याची सोय तिच्यात आहे का, हे त्याहून आधी पाहावे.