“शेतकरी टॅक्स भरत नाही” म्हणणाऱ्यांसाठी, मंडईतून



परवा पहाटे गुलटेकडीला मेथी खाली केली. 700 जुड्या. पट्टी हातात आली, हमाली आणि टेम्पोचं भाडं वजा जाऊन काय राहिलं ते सांगत नाही, तुम्हाला अंदाज आहेच. घरचं थोडं सामान घ्यायचं होतं म्हणून तुळशीबागेत गेलो आणि मंडईपाशी चहाला थांबलो. शेजारी एक गृहस्थ पेपर वाचत होते. कर्जमाफीची बातमी होती. मला म्हणाले, “आमच्या टॅक्सवर यांची कर्जं माफ. स्वतः एक रुपया टॅक्स भरत नाहीत. काय हो, खरं की नाही?”

मी गप्प बसलो. उत्तर सुचलं ते गाडीत बसल्यावर, दिवेघाट चढताना. खरं तर ते उत्तर त्या मंडईच्या इमारतीवरच लिहिलेलं होतं. नाव बघा ना, महात्मा फुले मंडई.

ही इमारत 1886 साली उघडली तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. जोतीराव फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सभासद होते. एवढा मोठा खर्च इमारतीवर करायला त्यांचा विरोध होता. गरिबांच्या शिक्षणाला पैसा नाही आणि इमारतींना आहे, हे त्यांना पटत नव्हतं. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागताला हजार रुपये खर्च करायचा ठराव आला, तेव्हाही 32 सभासदांत विरोध करणारे ते एकटेच. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला फुल्यांचं नाव लागलं.

आता मुद्दा. फुल्यांनी कर नकोच असं म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, पैसा कोणाकडून घेता आणि कोणावर खर्च करता? 1883 साली लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी गाडीभर माळवं शहरात आणणाऱ्या शेतकऱ्याचा हिशोब मांडलाय. जकात, दलाल, भाडं जाऊन तो रिकाम्या हाताने घरी जातो. शेतसारा आणि लोकल फंड वेगळा. 1882 मध्ये हंटर कमिशनपुढेही हेच सांगितलं, की महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा फायदा वरच्या वर्गाला.

आता जरा लांब जाऊ, पण चहाचाच विषय आहे. 16 डिसेंबर 1773 ला अमेरिकेत बोस्टनच्या बंदरात लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या 342 पेट्या पाण्यात टाकल्या. हीच ती कंपनी जिने 1818 साली पेशवाई बुडवली. गंमत म्हणजे त्या वर्षी चहा महाग नव्हता, उलट नव्या कायद्याने स्वस्त होणार होता. लोकांचं म्हणणं एवढंच, की लंडनच्या पार्लमेंटमध्ये आमचा माणूस नाही, मग आमच्यावर कर बसवणारे तुम्ही कोण?

2009 मध्ये त्याच चहाचं नाव घेऊन अमेरिकेत ‘टी पार्टी’ चळवळ उभी राहिली. घराचे हप्ते थकलेल्यांना मदत द्यायचं ओबामा सरकारने ठरवलं होतं. शिकागोच्या सौद्याच्या बाजारातून एका टीव्ही पत्रकाराने कॅमेऱ्यासमोर विचारलं, शेजाऱ्याचा हप्ता मी का भरायचा? तिथून भडका उडाला. म्हणजे नाव बोस्टनचं, प्रश्न मात्र बदललेला. तिकडे प्रतिनिधी होते, मतदान होतं. राग होता तो ‘माझा पैसा त्याला का’ याचा. मंडईतल्या त्या गृहस्थांचा प्रश्न तोच होता.

त्यांना आता माझा हिशोब सांगतो. शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही, बरोबर. मेथीवर जीएसटी नाही, तेही बरोबर. पण खतावर 5 टक्के आहे, रासायनिक औषधांवर 18 टक्के आहे. या हंगामात औषधांचं बिल 8,000 झालं, त्यावर 1,440 टॅक्स. कारखानदार कच्च्या मालावर भरलेला जीएसटी पुढच्या करातून वळता करून घेतो. आपल्या मालावर टॅक्स नाही म्हणून आपल्याला तो वळता करता येत नाही, आणि भाव लिलावात ठरतो म्हणून गिऱ्हाइकाकडूनही काढता येत नाही. तो आपल्याच अंगावर बसतो. डिझेलवरचा कर वेगळा. जकात नाक्यावर निदान दिसायची, हा टॅक्स बिलाच्या खाली बारीक अक्षरात असतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. “आम्हाला टॅक्सच नको” ही आरोळी आपण मारू नये. झेडपीची शाळा, जनावरांचा दवाखाना, पाणंद रस्ता आपल्यालाच लागतो. पण “आम्ही भरतो” हे पुराव्यासकट सांगता आलं पाहिजे, आणि भरलेल्यातलं शिवारात किती परत येतं हे विचारता आलं पाहिजे. कर्जमाफी हा त्याचा जबाब नाही. 2019 च्या कर्जमुक्ती योजनेला फुल्यांचंच नाव दिलं, पण फुल्यांनी माफी मागितली नव्हती, हिशोब मागितला होता.

तेव्हा दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या, आडत्याकडून पक्की पट्टी घ्या. 2016 पासून भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून कापायची नाही असा नियम आहे, पट्टीवरची प्रत्येक ओळ वाचा. वर्षाची बिलं एका पिशवीत ठेवा आणि पाडव्याला त्यातल्या टॅक्सची बेरीज करा. कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले जे साहेब हे पान वाचतात त्यांना विनंती, एकरी खर्चाच्या तक्त्यात टॅक्सचा एक वेगळा रकाना टाका.

तुमची बेरीज किती झाली ते खाली लिहा. पुढच्या वेळी मंडईत चहा पिताना मला आकडा पाठ हवा.