दोनशे वीस रुपयांतले सहा

दिवाळीच्या सुटीत घरी जाताना नागपूरच्या कॅफेतून कॉफीची एक पुडी नेली. आमचं घर सौसरजवळच्या एका खेड्यात. सौसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके छिंदवाड्यातून निघून २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. आमच्याकडे कागद हिंदीत, बोलणं मराठीत आणि शेतात संत्रा!

बाबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "कडू आहे रे. तिकडं कपाचे कितीक घेतात?"

"दोनशे वीस."

बाबा जरा थांबले. "त्यातले शेतकऱ्याले किती भेटते?"

मला उत्तर देता आलं नाही. पुडीवर तर 'नैतिक पद्धतीने मिळवलेली स्पेशालिटी कॉफी' असं ठळक छापलेलं.

बाबांनी हा प्रश्न विचारणं साहजिक आहे. आंबिया बहाराची फळं झाडावर असतानाच बेपारी बगीच्यात येतो, फिरून अंदाज बांधतो आणि एकरकमी सौदा करतो. पुढे ते संत्रं दिल्लीत किती रुपये किलोने गेलं, हे आम्हाला कळत नाही. फळगळ झाली तर भाव पाडायला कारण मिळतं. बाजार चढला तर आम्हाला सांगायला कोणी येत नाही.

म्हणून परत आल्यावर मी हिशेब मांडला. एका कपाला साधारण १५ ग्रॅम भाजलेली कॉफी लागते. भाजताना वजन घटतं, म्हणून कच्चे दाणे १८ ग्रॅम धरू. फेअरट्रेड या संस्थेने २०२३ मध्ये धुतलेल्या अरेबिका कॉफीचा किमान भाव पौंडाला १.८० डॉलर केला, म्हणजे किलोला जवळपास चार डॉलर. त्या भावाने १८ ग्रॅमचे होतात सहा रुपये. दोनशे वीसमधले सहा! २०२५ च्या सुरुवातीला जागतिक बाजारात भाव चार डॉलर पौंडाच्या वर गेला होता. तेव्हाही कपामागे चौदाच्या आसपासच. आणि हे पैसेही आधी सहकारी संस्थेकडे जातात, शेतकऱ्याच्या हातात त्यानंतर.

उरलेले पैसे कॅफेवाला खिशात घालतो असं मी म्हणत नाही. जागेचं भाडं, दूध, वीज, मशीन, पोरांचे पगार, सगळं त्यातच आहे. माझी तक्रार शब्दांबद्दल आहे. 'स्पेशालिटी' म्हणजे चवीच्या परीक्षेत शंभरपैकी ऐंशी किंवा जास्त गुण. ते दाण्याचं प्रमाणपत्र झालं. 'नैतिक' म्हणजे पिकवणाऱ्याला काय मिळालं, हे वेगळंच. पुडीवर दोन्ही शब्द शेजारी छापले की आपण चवीचे गुण न्यायाच्या खात्यात जमा करून टाकतो.

आपण साहित्य मंडळाची माणसं, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १८६० मध्ये मुलतातुली या टोपणनावाने लिहिणाऱ्या डच लेखकाची 'मॅक्स हॅवेलार' ही कादंबरी आली. डच राजवटीत जावाच्या शेतकऱ्यांची कशी पिळवणूक होत होती, ते त्यात आहे. पुढे १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये रास्त भावाच्या कॉफीवर जो पहिला शिक्का आला, त्याला याच कादंबरीचं नाव दिलं. कादंबरी वाचून काय होतं, असं कोणी विचारलं तर हे सांगा!

आपल्या देशातही उदाहरण आहे. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी सहकारी संस्थेतून कॉफी विकतात. २०१७ मध्ये त्यांच्या कॉफीचं दुकान थेट पॅरिसमध्ये उघडलं आणि २०१९ मध्ये तिथल्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन नागपुरी संत्र्यालाही आहे. पण नुसत्या मानांकनाने सौदा बदलत नाही. अराकूत एकत्र येऊन विकणं होतं. आमच्याकडे प्रत्येक बगीचा बेपाऱ्यापुढे एकटा उभा आहे. कॉफी आपल्यापासून फार लांब आहे असंही नाही. आमच्याच सातपुड्यात, चिखलदऱ्याला, ती पिकते.

इथपर्यंत मी खुशीत होतो. घरी फोन करून सहा रुपयांचा हिशेब ऐकवला. बाबा म्हणाले, "पाहा, मी म्हनत होतो ना!" मागून आईचा आवाज आला, "अनं जे बाई तोडते तिले किती भेटते?"

कॉफीची फळं एकदम पिकत नाहीत. लाल झालेलं तेवढंच हाताने वेचायचं, पुन्हा काही दिवसांनी त्याच झाडाशी यायचं. चांगल्या चवीचं मूळ या वेचणीत आहे. आणि सहा रुपयांचा माझा हिशेब मालकाशीच थांबला होता.

मग मी आईला विचारलं, "आपल्याकडं निंदणाले येतात त्या बायांची मजुरी यंदा वाढवली का?" फोनवर कोणीच बोललं नाही. नंतर बाबा म्हणाले, "सौदाच कमी झाला रे." खोटं नव्हतं ते. पण बेपारीही बाबांना असंच काहीतरी सांगतो.

मी कॉफी सोडलेली नाही. महिन्यातून एकदा पितो, चवीने पितो आणि तिथे लाज वाटून घेत नाही. फक्त काउंटरवर तीन गोष्टी विचारतो: दाणे कोणत्या गावचे, शेतकऱ्याला किलोला काय दिलं, आणि वेचणाऱ्यांची मजुरी किती. एका ठिकाणी हसले. दुसऱ्या ठिकाणी पोराने मळ्याचं नाव आणि खरेदीचा भाव फळ्यावर लिहिलेला दाखवला. मजुरीचं मात्र त्यालाही सांगता आलं नाही. मी आता त्या दुसऱ्या ठिकाणी जातो.

तुम्हीही विचारा, मित्रांनो. आणि जे माझ्यासारखे शेतीवाले आहेत, त्यांनी तिसरा प्रश्न सुटीत घरीही विचारावा. मी येत्या पोळ्याला पुन्हा विचारणार आहे, या वेळी फोनवर नाही, बाबांच्या समोर बसून.